थोरली पाती, धाकटी पाती

कवठे महांकाळ तालुक्यात फेब्रुवारी-मार्च म्हणजे बेदाण्याचे दिवस. आठ एकरांच्या एका बागेच्या कडेला, शेडमधल्या जाळीच्या रॅकवर घड पसरलेले होते आणि बाहेर बाजेवर दोघे बोलत बसले होते. एक निवृत्त इतिहास-शिक्षक आणि द्राक्षबागायतदार. दुसरी त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी, सांगलीच्या न्यायालयात वकिली करणारी. मामांना मृत्युपत्र करायचे होते. थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा पुण्याला नोकरी करतो, मुलगी लग्न होऊन इस्लामपुरात आहे. सगळी बाग थोरल्याच्या नावावर करावी, असा त्यांचा बेत. भाचीने मसुदा लिहायचा होता. मसुदा बाजूला राहिला आणि वाद रंगला तो असा.

मामा: तू फक्त कायद्यात बसेल असं लिहून दे. बाकीचा विचार माझा झालाय.

भाची: बसत नाही, तीच तर अडचण आहे. तीन एकर तुम्ही स्वतः घेतलेत, त्यांचं मृत्युपत्र हवं तसं करा. पण पाच एकर आजोबांकडून आलेत. वडिलोपार्जित जमिनीत फक्त तुमच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र होतं. तिन्ही मुलांचे हक्क जन्मापासूनचे आहेत, मुलीचासुद्धा.

मामा: कायदा माहीत आहे मला. शहाणपणाचं काय? तीन वाटण्या म्हणजे प्रत्येकी पावणेतीन एकरसुद्धा नाही. पुढच्या पिढीत एकेक एकर. एक एकर बागेवर ब्लोअर परवडतो का? शेततळं, ठिबक, मांडव, शेड? विहीर एक आणि पाळ्या तीन. आम्हा लोकांना म्हैसाळ योजनेचं पाणी किती वर्षांनी दिसलं, ते दिसल्यावर आम्ही बांधावरून भांडत बसायचं? सरकारनं तुकडेबंदीचा कायदा 1947 साली केला तो उगाच नाही.

भाची: तुकडेबंदीचा कायदा जमिनीचा तुकडा पाडू नका म्हणतो. मालकांची नावं कमी करा असं म्हणत नाही.

मामा: नावं वाढली की तुकडा पडतोच. पटवर्धनांचं बघ. 1764 मध्ये माधवराव पेशव्यांनी गोविंद हरी, परशुराम रामचंद्र आणि नीलकंठ त्र्यंबक यांना मिळून मोठा सरंजाम दिला, आठ हजार स्वारांच्या खर्चासाठी. कोकणातल्या कोतवड्याहून आलेल्या हरभटांचे हे मुलगे-नातू. एका पिढीत दक्षिणेतलं सगळ्यात वजनदार घराणं. पुढं काय झालं? 1801 मध्ये चुलता गंगाधरराव आणि पुतण्या चिंतामणराव यांचं जमेना. चुलत्याला मिरज, पुतण्याला सांगली. घरचा गणपतीसुद्धा पुतण्याबरोबर सांगलीला आला म्हणतात. 1820 मध्ये त्या उरलेल्या मिरजेच्याच चार वाटण्या. कुरुंदवाडचीही तीच गत, थोरली पाती आणि धाकटी पाती. आठ हजार घोड्यांच्या सरंजामातून शेवटी निघालं काय, तर शेजारी शेजारी अर्धा डझन दरबार, प्रत्येकाचा वेगळा कारभारी आणि वेगळा हत्ती.

भाची: आणि सांगली?

मामा: तेच सांगतोय. सांगलीत 1801 नंतर फाटाफूट झाली नाही. थोरल्याकडं गादी, बाकीच्यांना नेमणूक. मिरजप्रांत, कुची, मंगळवेढं, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी असे सहा तालुके. एकमेकांपासून कोसोन् कोस लांब, तरी 1948 पर्यंत एका हाताखाली राहिले. हे इथलं कुची, हा सांगली संस्थानाचा तालुका होता. थोरल्याला सगळं देण्याची रीत इंग्रजांनी इथं पक्की केली, कारण त्यांच्या देशात ती आठशे वर्षं टिकली होती. म्हणून तिकडं एकेका लॉर्डाची इस्टेट शतकानुशतकं अखंड दिसते.

भाची: टिकलेल्या इस्टेटी दिसतात मामा, बुडालेल्या दिसत नाहीत. विल्यम मार्शलचं नाव वाचलंय?

मामा: पेम्ब्रोकचा अर्ल. राजा जॉन मेल्यावर नऊ वर्षांच्या हेन्रीच्या नावानं ज्यानं राज्य सांभाळलं, तो. मॅग्ना कार्टा 1216 आणि 1217 मध्ये पुन्हा काढली ती त्याच्या मोहरेनं.

भाची: तोच. तो बापाचा चौथा मुलगा. तुमच्या रीतीप्रमाणं त्याच्या वाट्याला शून्य. पाच-सहा वर्षांचा होता तेव्हा बापानं त्याला राजा स्टीफनकडं ओलीस ठेवलं आणि शब्द मोडला. राजानं पोराला फाशी देण्याची धमकी दिली, तर बाप म्हणाला, मला अजून मुलगे होतील. राजाला दया आली म्हणून पोर वाचलं. थोरल्याला सगळं देणाऱ्या घरात चौथ्या मुलाची किंमत ही अशी होती.

मामा: आणि तरी तो अर्ल झाला. मनगटाच्या जोरावर. म्हणजे धाकट्याचं वाईट होतंच असं नाही. उलट घर सोडावं लागतं म्हणून धाकटा पराक्रम करतो. आमचा पुण्याचा बघ, इथं राहिला असता तर फवारणी करत बसला असता.

भाची: मनगट होतंच. स्पर्धांच्या मैदानात शेकडो सरदारांना त्यानं हरवलं. पण मैदानातून जहागीर मिळाली नाही. जहागीर मिळाली 1189 मध्ये लग्नातून. इझाबेल द क्लेअर ही स्ट्राँगबो या सरदाराची मुलगी. भाऊ लहानपणीच वारला, म्हणून वेल्समधली आणि आयर्लंडमधली एवढी मोठी इस्टेट तिच्याकडं आली. ती राजाच्या ताब्यातली पोरकी वारस, आणि राजानं ती इमानी सरदाराला देऊन टाकली. ज्याला तुम्ही मनगट म्हणता, त्याच्या खाली एका मुलीचा वारसा होता.

मामा: बरं. पण तिच्या नवऱ्याच्या हाती ती इस्टेट एक राहिली ना?

भाची: एक पिढी. 1219 मध्ये मार्शल वारला तेव्हा पाच मुलगे होते, पाच मुली होत्या. एवढं भरलेलं गोकुळ म्हणजे वंशाची काळजी नको. थोरला विल्यम 1231 मध्ये वारला, मूल नाही. दुसरा रिचर्ड 1234 मध्ये आयर्लंडच्या लढाईत जखमी होऊन. तिसरा गिल्बर्ट 1241 मध्ये घोड्यावरून पडून. चौथा वॉल्टर 1245 च्या नोव्हेंबरात, पाचवा अँसेल्म त्याच डिसेंबरात. पाचही जण ओळीनं वारस झाले आणि एकालाही औरस मूल झालं नाही. मार्शलनं एका आयरिश बिशपची दोन गावं दाबली होती, त्याचा शाप लागला असं मॅथ्यू पॅरिस या बखरकारानं लिहून ठेवलंय.

मामा: आपल्याकडं असा शाप आधी शेजारणीच्या नावावर जमा झाला असता. मग?

भाची: मग इंग्रजी कायद्याचं दुसरं अंग पुढं आलं. मुलगा असेल तर थोरल्याला सगळं. मुलगाच नसेल तर सगळ्या मुलींना सारखं. पाच बहिणी, पाच वाटण्या. आयर्लंडमधला लेन्स्टर प्रांत पाच ठिकाणी फाटला. थोरल्या मॉडच्या घराला कार्लो, इझाबेलच्या घराला किलकेनी, सिबिलकडं किल्डेअर, ईव्हाकडं लीश, जोनकडं वेक्सफर्ड. त्यातल्या सिबिलला सात मुली, म्हणजे तिच्या वाट्याचे पुन्हा सात. तुमच्या आठ एकरांना जी भीती वाटते ती सगळी तिथं झाली, आणि झाली ती थोरल्याला सगळं देणाऱ्या देशात.

मामा: त्याचं कारण वेगळं आहे. त्यांच्याकडं दत्तक नव्हता. आपल्याकडं पाच भाऊ निपुत्रिक गेले असते तर एखाद्या विधवेनं भाऊबंदातलं पोर मांडीवर घेतलं असतं, गादी पुढं चालली असती. जतचं उदाहरण हाताशी आहे. सटवाजीराव डफळ्यांचे मुलगे आधी गेले आणि त्यांची सून येसूबाई जहागीर चालवायला उभी राहिली. अठराव्या शतकाचा पहिला अर्धा भाग तिचाच. शेवटी दत्तकानं घराणं राहिलं. सांगलीतसुद्धा धुंडिराजराव तात्यासाहेब 1901 मध्ये वारले तेव्हा वारस नव्हता. 1903 मध्ये घराण्यातलाच मुलगा निवडून आणला, तेच दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब. शिकवून, तयार करून गादीवर बसवलेला माणूस. पोटच्या पोराची अशी पारख कोण करतो? आपली रीत त्यांच्यापेक्षा शहाणी होती.

भाची: शहाणी होती, हे कबूल. इंग्लंडात दत्तकाचा कायदा झाला 1926 मध्ये. त्याच वर्षापासून मृत्युपत्राशिवाय थोरल्याला सगळं देण्याचा त्यांचा जुना नियमही संपला. पण दत्तकाचं शेवटचं उत्तर कुणाकडं होतं? 1848 ला या. साताऱ्याचे शहाजी महाराज, आप्पासाहेब, मरणाच्या दारात दत्तक घेतात. डलहौसी म्हणतो, मान्य नाही, सातारा खालसा. त्याच वर्षी पटवर्धनांचं तासगाव वारस नाही म्हणून खालसा. त्याआधी मिरजेच्या चार वाटण्यांपैकी दोन 1842 आणि 1845 मध्ये याच कारणानं गेल्या. वारस होता, शास्त्र होतं, विधी झाला होता किंवा होऊ शकत होता. फक्त वरच्याचा होकार नव्हता.

मामा: ते परक्यांचं राज्य.

भाची: पेशव्यांचं राज्य काय वेगळं होतं? सरंजाम हा चाकरीसाठी दिलेला मुलूख. बाप मेला की मुलानं नजराणा भरायचा, मग तो नावावर चढायचा. इंग्लंडात हेच होतं. मॅग्ना कार्टात अर्लच्या वारसानं शंभर पौंड भरावेत असं लिहावं लागलं, कारण त्याआधी राजा मागेल तेवढे उकळायचा. अज्ञान वारस राजाच्या ताब्यात, त्याची जमीन राजाकडं, त्याचं लग्न राजाच्या मर्जीनं. माझं म्हणणं एवढंच की घराणी मोडली ती भावांना वाटा दिला म्हणून, हे अर्धंच खरं. अर्धी मोडली ती वारस कोण हे घराबाहेरचा माणूस ठरवत होता म्हणून.

मामा: ठीक. पण तू वळसा घालून माझ्याकडंच आलीस. वाटण्या नसत्या झाल्या तर कंपनीला चार ठिकाणी चार वारस तपासायला मिळालेच नसते. मिरज एक असती, तर 1842 आणि 1845 चे दोन तुकडे गेले नसते. जेवढ्या पात्या जास्त, तेवढ्या निर्वंश होण्याच्या जागा जास्त. हे गणित आहे.

भाची: हे मात्र मला खोडता येत नाही. मिरजेपुरतं तुमचं बरोबर आहे.

मामा: लिहून ठेव.

भाची: ठेवते. आता दुसरी बाजू मांडते. अखंड राहिलेल्या प्रत्येक इस्टेटीत कुणी तरी रिकाम्या हातानं बाहेर गेलेला असतो. सांगलीत थोरल्याकडं गादी आणि बाकीच्यांना नेमणूक, असं तुम्ही एका वाक्यात म्हणालात. त्या बाकीच्यांच्या बाजूनं बघितलं तर अख्खं आयुष्य थोरल्याच्या खजिन्याकडं तोंड करून बसायचं. बहिणींची तर मोजणीही नाही. अखंडपणा फुकट मिळत नाही, मामा. त्याची किंमत ज्याचं नाव कागदावर नाही तो भरतो.

मामा: आमच्या घरात कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही.

भाची: माझी आई?

मामा: तुझ्या आईनं स्वतः हक्कसोड दिलं. कुणी जबरदस्ती केली नाही. दिवाळीला साडी, भाऊबीज, तुझ्या शिक्षणाला मी होतो की नव्हतो?

भाची: होतात. ते मी विसरणार नाही आणि इथं वापरणारही नाही. पण हक्कसोडपत्रं मी रोज लिहिते. कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीनं, हे सगळ्यांत एकसारखंच असतं, बाई खूश असो नसो. आईला त्या दिवशी निबंधक कार्यालयात सही करायला नेलं. तिचं मत विचारायला कुणी तिला नेलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं, ही भीती कुठल्याच कागदावर येत नाही.

मामा: तेव्हा मुलींना हक्कच कुठं होता एवढा?

भाची: होता. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचं केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. 2005 मध्ये केंद्राच्या कायद्यानं ती अटही गेली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की 2005 मध्ये बाप हयात असायलाच पाहिजे असंही नाही. आईनं सही केली ती यातल्या 2005 नंतर. म्हणून तर सही लागली. हक्क नसता तर सोडायला काय सांगितलं असतं?

मामा: (बराच वेळ रॅककडे बघत) ठीक आहे. पण तू आता सांग, कायदा एका वाक्यात तिघांची नावं चढवतो. पुढच्या एप्रिलला खरड छाटणी आली, पीककर्ज काढायचं. सोसायटी म्हणणार, सातबारावर तीन नावं, तिघांच्या सह्या आणा. एक पुण्यात, एक इस्लामपुरात. ऑक्टोबरात फळछाटणी, पुन्हा तेच. अवकाळीचा पाऊस सह्यांची वाट बघतो का? बागेत रोज निर्णय लागतो आणि तो एकानंच घ्यावा लागतो.

भाची: निर्णय एकाचा असावा, हे मला मान्य आहे. मालकी एकाची असावी, हे नाही. या दोन गोष्टी आपण एकाच गाठीत बांधतो आणि मग सोडवता येत नाहीत. पटवर्धनांकडं मालकी म्हणजेच कारभार होता, त्यामुळं वाटा द्यायचा तर वेगळा दरबार मांडण्यावाचून इलाज नव्हता. तुमच्या बागेला दरबार नाही. नावं तिघांची राहू देत. कसायचं थोरल्यानं. सोसायटीसाठी बाकी दोघांचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे सह्यांसाठी पळापळ नको. बेदाणा विकल्यावर खर्च आणि थोरल्याची मजुरी आधी वजा, उरलेल्याचे हिस्से. आणि कुणाला बाहेर पडायचं असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 22 आहे. वारसाहक्कानं आलेला हिस्सा विकायचा असेल तर आधी बाकी वारसांना घेऊ द्यायचा. परका माणूस बांधावर येणार नाही.

मामा: कागदावर छान आहे. ज्या वर्षी करपा पडेल आणि उरलेलं काहीच नसेल, त्या वर्षी पुण्याचा विचारेल, माझा हिस्सा कुठं? थोरला म्हणेल, रात्री फवारणी मी केली, हिशेब तुला कशाला देऊ? सुना तर अजून या गोष्टीत आल्याच नाहीत. तुझ्या व्यवस्थेला दर वर्षी समजूतदारपणा लागतो. माझ्या मृत्युपत्राला एकदाच लागतो.

भाची: तुमच्या मृत्युपत्राला तो एकदाही लागत नाही. तुम्ही गेल्यावर ते उघडणार, तेव्हा समजूत काढायला तुम्ही नसणार. भांडण टळत नाही, फक्त तुमच्या पाठीमागं होतं. असे दावे माझ्याकडं वीस-वीस वर्षं चालतात. तेवढ्या काळात बाग कोण सांभाळतो? कुणीच नाही.

मामा: म्हणजे तुझा मार्शल शहाणा आणि मी अडाणी?

भाची: मार्शलसुद्धा आधी तुमच्यासारखंच बोलला. मरणाच्या वेळी मुलांच्या वाटण्या सांगत होता. सगळ्यात धाकट्या अँसेल्मला काही देणार नाही म्हणाला. मी नाही का स्वतःच्या कर्तबगारीवर वर आलो, तोही येईल. चौथा मुलगा असून रिकाम्या हातानं निघालेला माणूस आपल्या पाचव्याला तेच देत होता. तेव्हा त्याचा जुना सोबती जॉन ऑफ अर्ली मध्ये पडला आणि समजावलं. मार्शलनं ऐकलं. अँसेल्मला आयर्लंडमध्ये वर्षाला 140 पौंडांची जमीन दिली. बिनलग्नाची जोन राहिली होती, तिलाही 30 पौंड उत्पन्नाची जमीन आणि रोख दिली. सगळं जिवंतपणी, सगळ्यांच्या समोर. मुलगे निपुत्रिक गेले हे त्याच्या हातात नव्हतं. वाटणीवरून भाऊ भाऊ भांडले नाहीत, हे त्याच्या हातात होतं.

मामा: आणि तू माझी जॉन ऑफ अर्ली.

भाची: वकिलाचं काम तेवढंच असतं. मसुदा मी आज लिहीत नाही. आधी तिघांना एका दिवशी इथं बोलवा. मुलीला सही करायला ये असं सांगू नका, बोलायला ये म्हणून सांगा.

मामा: बोलवतो. पण बाग एकाच्याच हातात राहील, हे मी पहिल्या वाक्यात सांगणार.

भाची: सांगा. आणि दुसऱ्या वाक्यात, ती एकाच्या हातात राहावी म्हणून बाकी दोघांना काय मिळणार, ते आकड्यात सांगा. तिसऱ्यात त्यांना विचारा. त्या दिवशी माझ्या आईलाही बोलवा. तिला आता काही मागायचं नाही. पण हक्क सोडताना काय वाटतं हे त्या घरात तिला एकटीलाच माहीत आहे, आणि तुमच्या मुलीनं ते सही करण्याआधी ऐकलेलं बरं.